डासबाईंचे भोळे

जगातले निम्मे अनर्थ माणसांच्या दुष्टपणामुळे होत असतील, पण उरलेले निम्मे दुपारच्या झोपेपायी होतात. धाकट्याच्या हातून घडलेला अनर्थ या दुसऱ्या जातीचा.

त्याचं एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि चार दिवस विश्रांती म्हणून तो थोरल्या बहिणीकडे उतरला होता. पन्नाशी उलटली तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी, पोटात गरम जेवण, डोक्यावर पंखा आणि घरात कुणी नाही, अशा सर्व शुभ गोष्टी जुळून आल्या होत्या. झोप अगदी पापणीच्या उंबरठ्यावर येऊन उभी होती, तेवढ्यात कानाशी एक डास गुणगुणला. धाकट्याने हात उडवला. डास दुसऱ्या कानाशी गेला. धाकट्याने चादर डोक्यावरून ओढली, तर डास त्याच्याआधी चादरीत पोचला होता.

धाकटा उठला. बॅगेच्या तळाशी बायकोने डासांची कॉइल ठेवली होती. ‘वन्संच्या घरी जाताय, तिथे दुसरं काही नसलं तरी डास असणारच,’ हा तिचा होरा. कॉइलबरोबरचा पत्र्याचा स्टँड मात्र नेहमीप्रमाणे हरवला होता. मग स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या एका डब्याचं झाकण त्याने काढून आणलं, त्यावर कॉइल टेकवली आणि पेटवली. आता डॉक्टरांनी तर बजावलं होतं, डोळ्याला धूर लागू द्यायचा नाही. धाकटा आयुष्यभर विम्याचा एजंट. धोका ओळखणं हा त्याचा धंदा. त्याने विचार केला आणि कॉइल आपल्या खोलीत न ठेवता बाहेर घरातल्याच अरुंद बोळात, समोरच्या बंद दाराशी नेऊन ठेवली. आपलं दार लावून घेतलं आणि निर्धास्त झोपी गेला.

त्या बंद दारामागे ताईचे पिंजरे होते.

ताई आजारांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत होती. उष्ण देशांत ताप ज्या ज्या वाटांनी येतो, त्यातली डासांची वाट तिच्याकडे. लोक तिला डासबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि अलीकडे तर टपालही त्या नावाने येऊन पोचायचं. संस्थेत रंगकाम काढलं होतं. रंगाच्या वासाने डास मरतील म्हणून तिने सगळे पिंजरे आपल्या घरच्या मागच्या खोलीत आणून ठेवले होते, आणि ते धाकट्याला सांगायचं राहून गेलं होतं. खोलीत हवा खेळती राहावी म्हणून खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावला होता. पंखा खिडकीतून जेवढी हवा बाहेर फेकी, तेवढी दाराखालच्या फटीतून आत येई. त्या दुपारी बोळातला कॉइलचा सगळा धूर त्या फटीतून रांगेने आत गेला.

संध्याकाळी ताई घरी आली. बोळातल्या धुरावरून ती आरडाओरडा करील या भीतीने धाकटा उठून बसला होता. पण ताई ओरडली नाही. ती मागच्या खोलीत जाऊन पिंजरे बघून आली, येताना बोळातलं झाकण हातात घेऊन. झाकणावर राखेचं वेटोळं होतं.

“हे तू लावलंस?”

“एक डास फार छळत होता गं.”

“तो मेला का?”

नेमका त्याच वेळी तो डास धाकट्याच्या कानावरून गाणं म्हणत गेला.

“नाही,” धाकटा म्हणाला.

“खिडकीतून आला असेल. गल्लीतला आहे,” ताई म्हणाली. “गल्लीतला जगला, माझे सगळे मेले. प्रयोग अगदी बरोबर केलास. तुला करायला कुणी सांगितला नव्हता, एवढंच.”

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हे असं. कारण त्या पिंजऱ्यांतले डास खरोखरच संन्यासी होते. ताई त्यांना ‘भोळे’ म्हणायची. तरुणपणी, संस्थेत नुकतीच लागली असताना, ती आपल्या म्हाताऱ्या साहेबांबरोबर एका आडबाजूच्या गावी गेली होती. गावाला रस्ता नव्हता, म्हणून फवारणीची गाडी तिथे कधी पोचलीच नव्हती. शाळेच्या मागे पडलेल्या एका फुटक्या माठातल्या अळ्या तिने बाटलीत भरल्या आणि येताना ती बाटली बसमध्ये मांडीवर धरून आणली. शेजारच्या बाईने विचारलं, “लोणचं का?” ताई म्हणाली, “डास.” उरलेला प्रवास तिला अख्खं बाक मिळालं. त्या अळ्यांचे वंशज म्हणजे हे भोळे. सात नव्हे, काही शे पिढ्यांत त्यांच्यातल्या एकानेही विषाचा वास घेतला नव्हता. कुठल्या तापाचाही त्यांना संपर्क नव्हता. जन्मायचं, ताईच्या हाताला चावायचं, अंडी घालायची आणि मरायचं, इतका सरळ त्यांचा संसार.

आणि त्यांच्यावरच सगळं अडलं होतं. शहरात तापाची साथ होती. धुराची गाडी गल्ल्यागल्ल्यांतून फिरत होती. ताई वर्षानुवर्षं सांगत होती, की या औषधाची डासांना सवय झाली आहे; गाडी येते तेव्हा माणसं खोकतात आणि डास बाजूला होऊन गाडीला वाट देतात. पण तोंडाने सांगून कोण ऐकतो? समोरचा म्हणणार, औषध शिळं असेल. त्यावर उत्तर एकच. तेच औषध गल्लीतल्या डासांना द्यायचं आणि तेच भोळ्यांना. भोळे पटापट पडले, म्हणजे औषध ताजं; आणि गल्लीतले हिंडत राहिले, म्हणजे खोट औषधात नाही, सवयीत. भोळे म्हणजे ताईची मोजपट्टी. फक्त या मोजपट्टीला जेवायला घालावं लागे.

अखेर आरोग्य समितीने ‘एकदा दाखवा बरं’ म्हणून पुढच्या महिन्यातला एक दिवस दिला होता. त्यानंतर लगेच ताई निवृत्त होणार होती. आणि संस्थेच्या संचालकांचा तिच्या डासांच्या खोलीवर डोळा होता. तिथे त्यांना बैठकांसाठी दालन करायचं होतं. समितीला पटलं तर खोली राहणार, नाहीतर भोळ्यांच्या जागी गुबगुबीत खुर्च्या येणार. म्हणजे ताईच्या उभ्या नोकरीचा निकाल त्या पिंजऱ्यांत भिरभिरत होता. तो आता तळाशी उताणा पडला होता.

“दुसरीकडून आणता नाही यायचे?” धाकट्याने चाचरत विचारलं.

“दोन संस्थांना दिले होते मी. एकीकडे वीज गेली आणि खोली तापली. दुसरीकडे जाळीला भोक पडलं आणि गल्लीतले आत शिरून सोयरिकी करून बसले. तिथे आता भोळं कुणी नाही.” मग ताईने हातातलं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिचा आवाज किंचित बदलला. “हे झाकण कुठलं काढलंस?”

“फळीवरच्या डब्याचं. आत काही नव्हतं. जुने कागद होते नुसते, डाग पडलेले.”

ताई स्वयंपाकघरात गेली. धाकटा डोळ्यावरच्या वाटीवर हात धरून मागोमाग.

त्या जुन्या कागदांवरचे डाग म्हणजे पिंजऱ्यांबरोबरच घरी आणलेली अंडी. या जातीचा डास ओलसर कागदावर अंडी घालतो, खसखशीहून बारीक, काळी. कागद सावलीत वाळवून डब्यात बंद करून ठेवला, की ती काही महिने निवांत झोपतात. पाण्यात टाकली की जागी होतात. अंड्यांना धुराचं काही वाटलं नसतं. पण डबा दुपारभर उघडा होता, आणि उघड्या डब्याची बातमी मुंग्यांना कळायला तार करावी लागत नाही. फळीवरून भिंतीवर, भिंतीवरून खिडकीत अशी त्यांची शिस्तीत वाहतूक चालू होती, आणि प्रत्येकीच्या तोंडात एक काळा ठिपका होता.

ताईने कागदाची एकेक पट्टी उचलून झटकली, भिंग लावून पाहिली आणि बाजूला ठेवली. पाहिली, बाजूला ठेवली. धाकट्याला त्या शांतपणाचा फार त्रास होत होता. लहानपणी त्याने तिची पाटी फोडली होती तेव्हाही ती अशीच काही बोलली नव्हती. नुसते तुकडे जुळवत बसली होती. अखेर अगदी तळाच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. त्यांच्या मधल्या बाजूला मुंग्यांचा शिरकाव झाला नव्हता.

“आहेत,” ताई म्हणाली. “थोडे आहेत.”

“पुरतील?”

“वाढवावे लागतील.” तिने पट्ट्या दुसऱ्या डब्यात घातल्या, झाकण लावलं, आणि तो डबा पाण्याने भरलेल्या परातीच्या मधोमध ठेवला. “आता चहा टाक. माझ्या खोलीपासून लांब टाक.”

*

पुढचे काही दिवस धाकटा घरातल्या घरात दबकत वावरला. टीव्ही बघायला बंदी, वाचायला बंदी, खाली वाकायला बंदी. मग माणसाला विचार करण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि त्या घरात विचार करायचा तर तो ताईचाच.

त्यांच्या वडिलांचं पिंपं, बादल्या आणि पत्र्याच्या टाक्यांचं दुकान होतं. म्हणजे मुलगी डासांच्या मागे, आणि बाप डासांच्या पाळण्यांचा व्यापारी. सुट्टीत घरी आली की ताई आधी दुकानात जायची आणि फुटपाथवर मांडलेली पिंपं एकेक करून पालथी घालायची. वडील गल्ल्यावरून ओरडायचे, “अगं, गिऱ्हाईक बघतंय! पालथं पिंप विकत घेतं का कुणी?” ताई म्हणायची, “मग झाकणं लावा.” वडिलांनी अखेर झाकणं ठेवायला सुरुवात केली, आणि झाकणांचा खप पिंपांहून जास्त होऊ लागला, तरी त्याचं श्रेय त्यांनी मुलीला कधी दिलं नाही.

कुणाच्याही घरी गेली तरी ती बसण्याआधी फुलदाणीत डोकावायची. धाकट्याच्या लग्नात तर तिने हॉलमधल्या सगळ्या फुलदाण्या मोरीत रिकाम्या केल्या होत्या. फोटोत नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना सुकलेले दांडे उभे आहेत. धाकट्याच्या बायकोने त्याबद्दल नणंदेला माफ केलं, असं ती स्वतः सांगते. दर वर्षी सांगते.

ताईचं स्वतःचं लग्न जवळजवळ जमलं होतं. मुलगा कॉलेजात शिकवायचा, तिला आवडायचाही. एकदा तो आपल्या आईला चहाला घेऊन आला. ताईने कप पुढे केला आणि बाही वर सरकली. कोपरापासून मनगटापर्यंत हात लाल ठिपक्यांनी भरलेला.

“अगंबाई! हे काय?” मुलाची आई म्हणाली.

“डास चावलेत.”

“इतके डास आहेत तुमच्याकडे?”

“इथे नाहीत. ऑफिसात आहेत. मी पाळलेत.”

त्यानंतर चहा बराच वेळ कपात राहिला. मुलाने नंतर निरोप पाठवला, की त्याची काही हरकत नाही, फक्त लग्नानंतर तिने ते हाताचं तेवढं बंद करावं. ताईने उलट निरोप पाठवला, की मग पिंजऱ्यात दुसरा हात कुणाचा, तेही कळवावं. लग्न तिथेच राहिलं. ताईची आई कपाळाला हात लावून म्हणाली होती, “माणसं पाळतात तसं काहीतरी पाळ गं. कुत्रं पाळ, मांजर पाळ. ज्याच्या अंगावरून हात तरी फिरवता येईल.” ताई म्हणाली, “हेच माझ्या अंगावरून फिरतात.”

धाकटा तेव्हा कॉलेजात होता. त्या प्रकरणात ताईला वाईट वाटलं की नाही, हे त्याला कळलं नव्हतं, आणि अजूनही कळलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर गेली होती, एवढं त्याला आठवत होतं.

तिची बढतीही अशीच कुठेतरी अडकत राहिली. बाकीचे लोक परदेशी परिषदांना जात, तेव्हा ही लोकांच्या गच्चीवरच्या टाक्या उघडून बघत असायची. पिंजरे सोडून जायचं तर पाजायचं कुणी, हा तिचा प्रश्न. आताचे संचालक कधीकाळी तिच्या हाताखाली नवशिके म्हणून आले होते. पहिल्या दिवशी ताईने त्यांना पिंजऱ्यात हात घालायला सांगितलं. त्यांनी घातला, पाहिलं, आणि खुर्चीवरून हळूच खाली घसरले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विषय बदलून घेतला, आणि पुढे बसून करायच्या सगळ्या कामांत फार प्रगती केली.

*

इकडे दोन पट्ट्या पाण्यात पडल्या होत्या. पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी आणि पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळताना दिसायला लागलं. ताई त्यांना कुत्र्याच्या बिस्किटांची पूड घाली. धाकट्याने त्यातलं एक बिस्किट चहाबरोबर खाऊन टाकलं. एका डोळ्याने पाकिटावरचं कुत्र्याचं चित्र त्याला बाळाचं वाटलं होतं.

“कसं लागलं?” ताईने विचारलं.

“बरं होतं. जरा मीठ कमी.”

“त्यांची तक्रार नसते,” ताई म्हणाली आणि पाकीट कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

अळ्यांचे कोष झाले, कोषांतून डास निघाले. एक पिंजरा. त्यात मूठभर डास, काळे, पायांवर पांढरे पट्टे. आता त्यातल्या माद्यांना रक्त हवं होतं. त्याशिवाय अंडी नाहीत, आणि अंड्यांशिवाय पुढची पिढी नाही. आणि नेमकी तेव्हाच साथ वाढली. ताईला रोज सकाळी वस्त्यांतून हिंडावं लागे, गल्लीतले डास धरून आणावे लागत, दुपारी बैठका. हे डास चावतात ते दिवसाउजेडी, आणि दिवसा घरी असायचा एकटा धाकटा; चार दिवसांसाठी आलेला तो कॉइलच्या अपराधापायी अजून मुक्कामाला होता.

“तुझे डोळ्यातले थेंब संपले?” एका सकाळी ताईने विचारलं.

“कालच संपले. का?”

“थेंब चालू असताना तुझं रक्त नको होतं. कुठलं औषध आहे त्यात कोण जाणे.”

“म्हणजे मला त्रास होऊ नये म्हणून?”

“त्यांना.”

पिंजऱ्याला एका बाजूने कापडाची लांब बाही शिवलेली होती. धाकट्याने त्या बाहीत हात घातला तेव्हा त्याला शाळेत लस टोचायला येणाऱ्या बाईंची आठवण झाली. ताईने त्याचा दंड धरला.

“मूठ सैल सोड. हलू नकोस. आणि फुंकर मारू नकोस, त्या बिचकतात.”

“त्या बिचकतात?”

“पहिल्यांदाच जेवतायत. आणि तू चहा कमी पी जरा. अंगाला घामाचा वास आला तरी चालेल, साबणाचा नको.”

आधी काहीच झालं नाही. मग एक मादी येऊन मनगटावर बसली, इकडेतिकडे चालली, जागा पसंत केली, आणि सुई रुतवली. धाकट्याचा दुसरा हात आपोआप उठला. पन्नास वर्षांची सवय. ताईने तो हवेतच पकडला.

“मारशील तर बघ.”

“नाही गं. सवय.”

“सवयीचंच तर सगळं भांडण आहे,” ताई म्हणाली, घड्याळाकडे बघितलं आणि कामाला निघून गेली.

धाकटा हात पिंजऱ्यात घालून एकटाच बसून राहिला. माद्यांची पोटं लाल मण्यासारखी टम्म फुगत होती. काही न करता बसणं त्याच्याने होईना, म्हणून त्याने त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली, आणि त्याला बोलता येण्यासारखा विषय एकच होता. त्याने त्यांना मुदतीचा विमा समजावून सांगितला, मग आजारपणाचा, मग दोन्ही एकत्र घेतल्यास होणारा फायदा. उभ्या धंद्यात इतकं शांत गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. आपापलं काम आटोपून एकेक मादी जड पोटाने उडे आणि जाळीवर उलटी लटकून विचार करत बसे. निदान तसं दिसे.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

“डोळा कसा आहे?”

“डोळा छान आहे. हात सुजलाय.”

“ऑपरेशन हाताचं केलं की काय मेल्यांनी?”

“नाही. ताईचे डास पाजतोय.”

 मग बायको म्हणाली, “मी दिलेली कॉइल कुठाय?”

“ती लावली होती,” धाकटा म्हणाला. “म्हणून तर.”

हाताला खाज फार सुटे. ताई म्हणाली, काही वर्षांत जाते. ती गंमत करत नव्हती. तिच्या स्वतःच्या हातावर आता साधी गांधसुद्धा उठत नसे. शरीराने बहुधा नाद सोडला होता. पण धाकटा रात्रंदिवस खाजवायचा, आणि खाजवता खाजवता त्याच्या डोक्यात यायचं, की हे हिने वीस-बावीस वर्षांची असल्यापासून सहन केलं, आणि आपल्याला फक्त फुलदाण्यांचा किस्सा तेवढा माहीत. हे त्याने तिला एकदा सांगायचा प्रयत्न केला. ताई म्हणाली, “खाजवू नकोस, पिकेल.”

दुसऱ्या पिढीची अंडी झाली. कागदावरचे काळे ठिपके ताईने धाकट्याला दाखवले. “हे तुझ्यामुळे,” ती म्हणाली. चांगलं म्हणाली की वाईट, ते नेहमीप्रमाणे कळलं नाही. दोन पिंजरे झाले, मग तीन. डास अजून थोडेच होते, पण समितीपुढे दाखवायला पुरण्याइतके झाले.

*

समितीच्या दिवशी धाकटा हट्टाने बरोबर गेला. संस्थेतल्या अजून रंग न लागलेल्या एका खोलीत लांब टेबलाभोवती समिती बसली होती, टोकाला संचालक. धाकटा भिंतीशी एका खुर्चीवर, काळा चष्मा लावून बसला. काही सदस्यांना तो फार वरचा कुणीतरी अधिकारी वाटला आणि त्यांनी त्याला मान लवून नमस्कार केला. त्यानेही केला.

ताईने बोलायला फार वेळ घेतला नाही. पारदर्शक नळकांडी मांडली. प्रत्येकात आतून औषध लावलेला कागद, एकाच पाकिटातला. दोन नळकांड्यांत गल्लीतले डास, दोनांत भोळे. आणि आणखी एकात भोळेच, पण साध्या कोऱ्या कागदाबरोबर.

“आता थांबायचं,” ती म्हणाली आणि बसली.

समितीला नुसतं थांबायची सवय नसते. आधी चहा झाला, मग हवापाणी झालं. मग एक सदस्य पुढे झुकले. भोळ्यांची चाल अडखळायला लागली होती. एक कलंडला, पाय हवेत झाडले. मग दुसरा. बघता बघता त्या दोन नळकांड्यांत सगळे आडवे झाले. धाकट्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. परवाच आजारपणाच्या विम्याबद्दल सगळं ऐकून घेतलं होतं त्यांनी.

शेजारच्या नळकांड्यांत गल्लीतले डास आरामात भिंतीवर चढत-उतरत होते. एक तर थेट औषधाच्या कागदावर बसून पुढचे पाय पुसत होता.

“कागद जुना असेल,” एक सदस्य म्हणाले.

“मग हे कशाने मेले?” ताईने भोळ्यांकडे बोट दाखवलं.

“हे मुळातच अशक्त असतील. घरात वाढवलेले म्हणजे...”

ताईने कोऱ्या कागदाचं नळकांडं त्यांच्यापुढे सरकवलं. त्यातले भोळे ठणठणीत उडत होते. सदस्यांनी जरा जवळ जाऊन पाहिलं आणि पुन्हा खुर्चीला टेकले. समितीचे अध्यक्ष हळूच म्हणाले, “म्हणजे आपण इतकी वर्षं गल्ल्यांमध्ये नुसता धूर करतोय.”

“माणसं खोकतात,” ताई म्हणाली. “तेवढा परिणाम आहे.”

विजयाची वेळ होती, पण ताईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिने चिमट्याने मेलेले डास मोजून बशीत काढले आणि जगलेल्यांची जाळी नीट बांधली. त्यानंतर जे झालं ते सरकारी रिवाजाप्रमाणे. औषध बदलायचं ठरलं. ते कधी बदलायचं हे ठरवायला एक उपसमिती नेमली गेली. डासांची खोली डासांकडेच राहील, हेही ठरलं. संचालकांनी त्याला मोठ्या मनाने संमती दिली, आणि दालन दुसऱ्या मजल्यावर होईल असं जाहीर केलं. शिवाय इतर शहरांनाही अशी तपासणी करायची होती. त्यासाठी ताईने निवृत्तीनंतर मानद सल्लागार म्हणून अंड्यांच्या पट्ट्या घेऊन गावोगाव जावं, तिथल्या लोकांना भोळे वाढवायला शिकवावं, अशी विनंती झाली.

“पुढचे सहा महिने फिरतीवर राहावं लागेल, बाई,” अध्यक्ष म्हणाले.

“जाईन,” ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती एवढ्या लांब जायला ‘जाईन’ म्हणाली असावी.

“आणि तुमच्या जागेवर नवीन माणूस...” अध्यक्षांनी संचालकांकडे पाहिलं.

“मंजुरीसाठी पाठवलंय,” संचालक म्हणाले. जे ज्याला कळायचं ते त्याला कळलं. मग ताईने त्यांना विचारलं, की मंजुरी येईपर्यंत इथले पिंजरे तुम्ही पाजाल का. संचालकांनी आपला उजवा हात टेबलाखाली घेतला.

घरी येताना रिक्षात पिंजरा ताईच्या मांडीवर होता. त्या पहिल्या बाटलीसारखाच. वाटेत धुराची गाडी आडवी आली. ताईने पिंजऱ्यावर ओली चादर टाकली आणि रिक्षावाल्याला दुसऱ्या गल्लीने घ्यायला लावलं. धाकटा खाजवत बसला होता. डोळा आता अगदी स्वच्छ दिसत होता. उद्या तो आपल्या घरी जाणार होता. बहिणीकडे त्याने नीट पाहिलं. हातावर पांढऱ्या ठिपक्यांच्या जुन्या खुणा, चेहऱ्यावर कसलंच काही नाही. कॉइलबद्दल ती त्या संध्याकाळनंतर एका शब्दाने बोलली नव्हती. माफ केलं असेल का, हे विचारायचा धीर त्याला होईना, म्हणून त्याने जवळचाच प्रश्न विचारला.

“ताई, तू सहा महिने फिरतीवर जाणार. मग इथल्या भोळ्यांना पाजणार कोण?”

ताईने चादरीचं टोक उचलून आत बघितलं, पुन्हा नीट खोचलं.

“तुझा दुसरा डोळा करायचा बाकी आहे ना?”